टी पेशी शिकताना आधी जंतूचा पत्ता विचारा

परीक्षा जवळ आली की नागपूरच्या प्रतापनगरला माझ्या घरी बी.एस्सी. आणि डीएमएलटीचे (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) पोट्टे-पोट्ट्या इम्युनॉलॉजीच्या, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्राच्या, वह्या घेऊन येतात. टी पेशी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक गट, आणि प्रत्येक वहीत त्यांचा एक तक्ता ठरलेला: टीएच-१, टीएच-२, टीएच-१७ हे मदतनीस टी पेशींचे प्रकार आणि समोर सायटोकाइनची, म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात त्या रासायनिक निरोपांची, नावं. तक्ता तोंडपाठ असतो, पण ‘हत्तीरोगात यातली कोणती पेशी लागेल?’ असं विचारलं की सगळे गप्प. म्हणून मी तक्ता अगदी शेवटी काढू देते. त्याआधी एकच प्रश्न धरून बसायचं: हा जंतू शरीरात राहतो कुठे?

एक कोरा कागद आडवा घ्या. डावीकडे त्वचा काढा, मध्ये लसिका ग्रंथी, उजवीकडे पुन्हा तीच त्वचा, आणि तिन्ही डावीकडून उजवीकडे बाणांनी जोडा. पायाला खिळा लागला की जांघेत अवधाण येतं ना, ती सुजलेली गाठ म्हणजे ही मधली ग्रंथी. टी पेशी पहिल्यांदा कामाला लागते ती इथे, जखमेत नाही. जखमेतला जंतू गिळून डेंड्रायटिक पेशी ग्रंथीत येते (ही पेशी राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिली). ग्रंथीतून टी पेशींची ये-जा सतत चालू असते, पण त्या जंतूचा तुकडा ओळखणारी लाखात एखादीच. ती सापडणार, तिच्या हजारो प्रती होणार, मग त्या रक्तातून जखमेकडे जाणार. यात चार-पाच दिवस सहज जातात. पहिल्या संसर्गात टी पेशींना उशीर का होतो, याचं उत्तर त्या कागदावरच्या बाणांमध्ये आहे.

आता टी पेशीला दिसतं काय ते लिहा. तिला अख्खा जंतू दिसत नाही. प्रथिनाचा छोटा तुकडा, तोही आपल्याच पेशीच्या एमएचसी रेणूवर मांडलेला असेल तरच दिसतो. डोहर्टी आणि झिंकरनागल यांनी १९७४ मध्ये कॅनबेरात उंदरांवर काम करून हे उलगडलं. १९९६ चं नोबेल त्यासाठीच. पेशीच्या आतल्या द्रवात तयार झालेलं प्रथिन वर्ग एकच्या एमएचसीवर येतं आणि ते सीडी-८ प्रकारची टी पेशी वाचते. बाहेरून गिळून पिशवीत पचवलेलं प्रथिन वर्ग दोनवर येतं, ते सीडी-४ पेशी, म्हणजे मदतनीस टी पेशी, वाचते. एवढी दोन वाक्यं पक्की झाली की अर्धा धडा झाला.

तुकडा जुळला म्हणजे पेशी जागी झाली, असं मात्र लिहू नका. हा पहिला संदेश. दुसरा संदेश डेंड्रायटिक पेशीवरच्या बी-७ रेणूकडून टी पेशीच्या सीडी-२८ रेणूला मिळतो, आणि जंतूची चाहूल लागल्याशिवाय बी-७ पुरेसा वर येत नाही. पहिला मिळाला आणि दुसरा नाही, तर टी पेशी निष्क्रिय होऊन बसते. आपल्याच शरीराच्या प्रथिनांवर ती उठसूट हल्ला करत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. कित्येक लशींत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार घालतात तोही अशी चाहूल देण्यासाठी. तिसरा संदेश सायटोकाइनचा. पेशीने पुढे कोणतं काम करायचं, म्हणजे सीडी-४ पेशी टीएच-१ होणार, टीएच-२ की टीएच-१७, ते त्यावर ठरतं.

आता पत्ता विचारायला सुरुवात करा, आणि रोग आपल्याच भागातले घ्या. डेंगीचा विषाणू पेशीच्या आत शिरून तिथेच आपली प्रथिनं बनवतो. म्हणजे वर्ग एक, म्हणजे सीडी-८. ती परफोरिन आणि ग्रँझाइम ही मारक प्रथिनं सोडून बाधित पेशीच मारते. हत्तीरोगाचा कृमी लसिकावाहिनीत राहतो, कोणत्याही पेशीला गिळता येणार नाही एवढा मोठा. तिथे टीएच-२ लागते: आयएल-४, आयएल-५ ही सायटोकाइन, मग आयजीई ही अँटिबॉडी आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी. तोंडात पांढरा थर धरणारी कँडिडा बुरशी आवरायला टीएच-१७ आयएल-१७ सोडून न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी बोलावते.

टीबीवर जास्त वेळ द्या. हा जंतू मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशीच्या पोटातल्या पिशवीत राहतो, ज्या पेशीने त्याला मारायचं तिच्याच आत. तिथे टीएच-१ येऊन इंटरफेरॉन गॅमा हे सायटोकाइन देते, तेव्हा मॅक्रोफेजला बळ येतं. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर टीबीची माँटू चाचणी बघा. हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या थरातच ०.१ मिली ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूच्या प्रथिनांचा अर्क) टोचतात. सुई बरोबर लागली तर लगेच फिकट फुगवटा येतो. तो वाचायचा नसतो. ४८ ते ७२ तासांनी हात पुन्हा बघायचा, आणि लाली सोडून फक्त कडकपणा मोजायचा. बॉलपेन बाहेरून आत हलकेच सरकवत आणा, जिथे अडेल तिथे खूण करा, दुसऱ्या बाजूने तसंच करा आणि हाताच्या आडव्या रेषेत अंतर मोजा. १० मिमी किंवा जास्त असेल तर सहसा पॉझिटिव्ह धरतात. तो कडकपणा म्हणजे जुनी ओळख असलेल्या सीडी-४ पेशी आणि त्यांनी जमवलेले मॅक्रोफेज. पेशी चालत येऊन जमायच्या, म्हणून दोन दिवस लागतात. आयजीईमुळे येणारी ॲलर्जीची गांधी काही मिनिटांत उठते. पॉझिटिव्ह म्हणजे आजारच असं नाही, बीसीजी लशीनेही येऊ शकतं. आणि एचआयव्हीत सीडी-४ घटलेल्या माणसाला टीबी असूनही हात सपाट राहू शकतो. तुमच्यापैकी बरेच जण उद्या लॅबमध्ये बसणार आहेत. रिपोर्टवर नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहू नका, मिलिमीटर लिहा.

चुकीची टी पेशी पुढे आली तर काय होतं, हे कुष्ठरोगात दिसतं. चंद्रपूरच्या रस्त्यावर वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. या आजाराने विदर्भात किती माणसं घराबाहेर काढली गेली, हे तिथे गेलं की कळतं. जंतू एकच, पण टीएच-१ जोरात असेल तर मोजके बधिर चट्टे आणि फार थोडे जंतू दिसतात. टीएच-२ कडे कल गेला तर अँटिबॉडी भरपूर, पण पेशीच्या आत बसलेल्या जंतूपर्यंत त्या पोचत नाहीत आणि तो अंगभर वाढत जातो. दोन्ही प्रकारांवर औषध आहे आणि माणूस बरा होतो, हेही उत्तरात लिहा.

आता तक्ता काढा. या वेळी पहिला रकाना जंतूच्या पत्त्याचा ठेवा. टी-रेग (नियामक टी) पेशींना खाली वेगळी ओळ द्या: फॉक्सपी-३ हे प्रथिन असलेल्या या पेशी बाकीच्यांना आवरतात, आणि त्यांच्या शोधासाठी ब्रुनकाव्ह, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. मग वही मिटून एक प्रश्न सोडवा. गडचिरोलीतला मलेरिया आधी यकृताच्या पेशीत वाढतो, नंतर लाल पेशीत. सीडी-८ त्याला यकृतात गाठू शकते, लाल पेशीत नाही. असं का? सुरुवात इथून करा: पक्व लाल पेशीला केंद्रक नसतं आणि तिच्यावर वर्ग एकचा एमएचसी जवळजवळ नसतोच.