कांद्याच्या मुळात पेशीचक्र कसं पाहावं आणि मोजावं

आकृत्यांमध्ये पेशीविभाजनाच्या चार अवस्था सारख्याच जागेत काढलेल्या असतात, त्यामुळे पेशी प्रत्येक अवस्थेला सारखाच वेळ देते असं वाटून जातं. कांद्याच्या मुळाची एक स्लाइड नीट जमली की हा समज जातो. बहुतेक पेशी नुसत्या बसल्यासारख्या दिसतात. आणि पेशीचक्रातलं (एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतच्या प्रवासातलं) सगळ्यात मोठं काम, म्हणजे डीएनएची नक्कल, अशाच पेशींत चाललेलं असतं.

आधी मुळं. कांद्याची जुनी वाळकी मुळं ब्लेडने खरवडून काढा. ज्या चकतीतून मुळं फुटतात तिला धक्का लावू नका. अरुंद तोंडाच्या बरणीवर कांदा असा बसवा की फक्त तळ पाण्याला टेकेल. पाणी रोज बदला. दोन-चार दिवसांत फुटलेली पांढरी मुळं दीड-दोन सेंटिमीटरची झाली की शेंडे कापा, शक्यतो सकाळी. कापल्याबरोबर ते तीन भाग इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या ताज्या मिश्रणात टाका, म्हणजे प्रत्येक पेशी ज्या अवस्थेत असेल तिथेच गोठते. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवले तर शेंडे फ्रिजमध्ये टिकतात.

आता मूळ मऊ करायचं. ६० अंश सेल्सिअसला तापवलेल्या १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात शेंडे ५ ते १० मिनिटं ठेवा आणि पाण्याने धुवा. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन यात सैल होतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा.

स्लाइड बिघडते ती बहुतेक वेळा पुढच्या पायरीला. मुळाच्या टोकाचा १-२ मिलिमीटर भाग बाकीच्या मुळापेक्षा अपारदर्शक दिसतो. विभाजन तिथेच चालतं. तेवढाच ठेवा, बाकीचं मूळ टाकून द्या. त्यावर अ‍ॅसेटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब घाला, सुईने शेंडा विस्कटा, स्लाइड खालून हलकेच शेकवा (रंग उकळू देऊ नका) आणि पाच-दहा मिनिटं थांबा. कव्हरस्लिप ठेवून वर टिपकागद धरा आणि अंगठ्याने सरळ खाली दाबा. काच आडवी सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात आणि हाती फक्त लाल चिखल राहतो.

आधी १० पटीच्या भिंगाखाली चौकोनी, दाट पेशींचा भाग शोधा, मग ४० पटीवर जा. पूर्वावस्थेत केंद्रकात दोऱ्यांचा गुंता दिसतो. मध्यावस्थेत गुणसूत्रं मधल्या रेषेवर येतात, पश्चावस्थेत दोन गट टोकांकडे ओढले जातात आणि अंत्यावस्थेत मधोमध नवी भिंत उभी राहू लागते. कांद्याची गुणसूत्रं १६. पश्चावस्थेत मात्र प्रत्येक गुणसूत्राचे दोन पदर सुटे झाल्यामुळे एकाच पेशीत ती ३२ भरतात, याने गोंधळू नका.

उरलेल्या पेशींत सबंध गोल केंद्रक आणि बऱ्याचदा आत फिकट ठिपक्यासारखी केंद्रकी दिसेल. ही आंतरावस्था. हिच्यात जी-१, एस आणि जी-२ असे तीन टप्पे असतात, पण कार्मिनने ते वेगळे ओळखता येत नाहीत. ते कळले १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेही मुळांतूनच. अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकला या शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि डीएनए विभाजनाच्या बऱ्याच आधी, ठरावीक काळातच तयार होतो हे दाखवलं. तोच एस टप्पा; जी-१ त्याच्या आधीचा, जी-२ नंतरचा.

या टप्प्यात हेलिकेज हे विकर डीएनएचे दोन धागे उलगडतं आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर पॉलिमरेज नवा धागा रचतं. पॉलिमरेज एकाच दिशेने चालतं, त्यामुळे एक धागा सलग होतो, तर दुसरा ओकाझाकी नावाच्या छोट्या तुकड्यांत बनतो आणि लायगेज ते तुकडे जोडतं. हे काम हजारो ठिकाणांहून एकदम सुरू होतं. एरवी जमलंच नसतं, कारण कांद्याचा जीनोम (डीएनएचा पूर्ण संच) माणसाच्या जवळपास पाचपट मोठा आहे. डीएनए दुप्पट होतो, गुणसूत्रं १६ च राहतात; फक्त प्रत्येक गुणसूत्र दुपदरी होतं. मध्यावस्थेतलं एखादं सुटं गुणसूत्र सापडलं तर फोकसचा स्क्रू बारीक फिरवून पाहा, दोन पदर कळतात.

शेवटी मोजणी. एका दृष्टिक्षेत्रातली प्रत्येक पेशी मोजा. सुंदर दिसणाऱ्या तेवढ्या निवडल्या तर आकडे खोटे येतील. निदान २०० पेशी तरी व्हायला हव्यात. ज्या अवस्थेत पेशी जास्त सापडतात, ती जास्त वेळ चालते. समजा, २०० पैकी ६ पेशी मध्यावस्थेत आहेत आणि पूर्ण चक्र २० तासांचं धरलं, तर ६ भागिले २०० गुणिले २० म्हणजे ०.६ तास, म्हणजेच ३६ मिनिटं. हा अंदाज ढोबळ आहे: विभाजनातून एकीच्या दोन पेशी होतात, म्हणून नुकत्याच जन्मलेल्या पेशी मोजणीत थोड्या जास्त भरतात. तुलनेसाठी टोकापासून एक सेंटिमीटर मागचा तुकडा घेऊन दुसरी स्लाइड करा. तिथे लांबट पेशी दिसतील, पण विभाजन सापडणं कठीण.