लवंगेची फिल्म करताय? या चुका टाळा

अन्नाच्या वेष्टनासाठी स्टार्चच्या पातळ फिल्ममध्ये लवंगेचं तेल घालण्याचा प्रयोग करताना खोलीत घमघमाट सुटला की मुलं खूश होतात. "मॅडम, जमलं!" मला मात्र तिथंच धसका बसतो. तो वास म्हणजे फिल्ममधून उडून चाललेलं युजेनॉल. लवंगेच्या तेलात मुख्य द्रव्य तेच, जंतूंना आवरतं तेही तेच. ते हवेत गेलं की ताटलीत उरतो नुसता पिठाचा पापुद्रा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उकळत्या खळीत तेल ओतणं. ५ ग्रॅम कॉर्नफ्लोर, १०० मिली पाणी, दीड ग्रॅम ग्लिसरीन. ८० ते ८५ अंशांवर पंधरा मिनिटं ढवळा, दुधट रंग जाऊन खळ पारदर्शक होईल. मग आच बंद करून ती ४० अंशांपर्यंत निवू द्या. तोवर १ ग्रॅम तेल चमचाभर पाण्यात ट्वीन ८० (तेल-पाणी एकजीव करणारं द्रव्य) घालून चांगलं घुसळा आणि मगच मिसळा. तेल नुसतंच ओतलं तर वाळलेल्या फिल्मवर तेलकट डोळे दिसतात. डोळा असेल तिथं जंतू मरतात, शेजारी सुखानं वाढतात. वाळवतानाही घाई नको. ३५-४० अंशांवर रात्रभर वाळू द्या, ६० अंशांवर दोन तासांत नको.

इतकं जपूनही थोडं तेल जातंच. म्हणून किती घातलं ते न सांगता किती उरलं ते मोजा. फिल्मचा तुकडा इथेनॉलमध्ये भिजवून ते द्रावण २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश किती शोषतं याचं स्पेक्ट्रोफोटोमीटरवर रीडिंग घ्या, बिनतेलाच्या फिल्मचं रीडिंग त्यातून वजा करा.

ताटली काचेचीच घ्या. लवंगेचं तेल पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकला खातं. एकदा आमच्या प्लॅस्टिकच्या पेट्री डिशचा तळ धुरकट, चिकट झाला होता आणि फिल्म सोलताना त्याचा थरही बरोबर आला. असली फिल्म अन्नाला लावायची?

इंदूरची हवा हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात फिल्म पापडासारखी कडकड मोडते, मुलं ग्लिसरीन वाढवतात. श्रावणात तीच फिल्म लिबलिबीत होऊन बोटाला चिकटते, वर बुरशी धरते. दोष दरवेळी प्रमाणाचा नसतो, हवेतल्या पाण्याचाही असतो. मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवलेल्या बंद बरणीत आर्द्रता साधारण ५३ टक्के राहते. दोन दिवस फिल्म त्यात ठेवा आणि मगच ताण किंवा जाडी मोजा.

जंतूंच्या चाचणीत तुलनेला बिनतेलाची फिल्म हवीच. स्टार्चऐवजी कायटोसन (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं द्रव्य) वापरत असाल तर जास्तच, कारण त्यात जंतुरोधक गुण मुळातच असतो आणि विरघळवायला वापरलेलं ॲसेटिक ॲसिडही जंतू मारतं. ते श्रेय लवंगेला देणं बरोबर नाही. दोन्ही तुकडे एकाच ताटलीत मात्र ठेवू नका, वाफ शेजारी पोहोचते. स्टॅफिलोकोकस हा जंतू हटला म्हणून ई. कोलाय हा दुसरा जंतूही हटेल असंही धरू नका. ई. कोलायला बाहेरचं जादा आवरण असतं, त्यामुळे तो चिवट.

पदार्थ कोणता हे आधी ठरवा. शेवेला लवंगेचा वास चालून जातो, लौंग सेव इथं आवडीनं खातातच. पण कोरड्या शेवेचा शत्रू जंतू नसून दमटपणा आणि खवटपणा आहे. पनीरला जंतूंचा धोका खरा, मात्र त्याच्या ओलाव्यानं स्टार्चची फिल्म विरते आणि लवंगेचा वास तिथं कुणाला खपत नाही. मला विचाराल तर पनीरसाठी कायटोसन घ्या, तेल कमी करा आणि घरातल्या चार जणांना चव घ्यायला लावा.

शेवटी विघटनाबद्दल. आपल्या शहरात ओला-सुका कचरा दारातच वेगळा होतो, म्हणून 'ओल्यात टाका' असं सर्रास लिहिलं जातं. स्टार्चची फिल्म मातीत विरते. पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड, एक जैवप्लॅस्टिक) मिसळलं असेल तर तिला ५८ अंशांच्या आसपास तापलेलं कंपोस्ट लागतं, घरच्या कुंडीत ती तशीच पडून राहते. शिवाय जंतुरोधक तेल मातीतल्या जीवाणूंनाही मागे रेटू शकतं, म्हणून तेलाची आणि बिनतेलाची अशा दोन्ही फिल्म पुरा. तुकडे वजन करून जाळीच्या पिशवीत घाला, नाहीतर महिन्यानं माती चाळताना तुकडा विरला की हरवला हेच कळत नाही.