लकव्याचा पेशंट घरी आल्यावर या चुका टाळा

लकव्याचा पेशंट दवाखान्यातून घरी आला की अख्खं घर सेवेला लागतं, आणि पहिली चूक तिथेच होते. बाबांना भरवायचं, त्यांच्या गुंड्या लावायच्या, कंगवासुद्धा हातात द्यायचा नाही. मेंदूला गेलेलं काम पुन्हा शिकवायचं तर ते काम पेशंटनेच परत परत करायला हवं. सदरा घालायला वीस मिनिटं लागली तर लागू द्या.

सदऱ्याचंही तंत्र आहे. चांगला हात आधी घातला की लुळा हात मागे अडकतो आणि ओढाताण सुरू होते. म्हणून आधी लुळा हात बाहीत घालून बाही खांद्यापर्यंत सरकवायची, मग चांगला हात. काढताना बरोबर उलटं. पुढून उघडणारा, जरा ढगळ सदरा घ्या. पेशंटला पलंगाच्या कडेला नको, पाठीच्या खुर्चीत पाय टेकवून बसवा.

उठवताना लुळा हात धरून ओढणं मात्र फार महागात पडतं. खांद्याचे स्नायू ढिले असल्याने सांधा निसटू शकतो, आणि एकदा खांदा दुखायला लागला की पेशंट व्यायामाला हातच लावू देत नाही.

शेजारी सांगतात म्हणून रबरी बॉल दाबायला देऊ नका. मूठ आधीच आवळली जात असेल तर हवं असतं ती उघडणं. आधी थेरपिस्टला विचारा.

जेवण झाल्यावर ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच उरते? हा हट्ट नसेल. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काहींना डावीकडचं जग जाणवतच नाही. रागावण्यापेक्षा ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा आणि 'पट्टी दिसेपर्यंत मान वळवा' असं सांगा.

'फिजिओ चालू आहे, मग ऑक्युपेशनल थेरपी कशाला?' हा प्रश्न मुंबईतही ऐकू येतो, जिथे कमला निंबकरांनी १९५० साली केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा काढली! ढोबळमानाने, फिजिओ ताकद आणि चाल सुधारतो. त्या ताकदीवर आंघोळ, जेवण, स्वयंपाक, नोकरी कशी जमवायची ते ही थेरपी बघते.

बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीचा आधार घेऊ देऊ नका, ती भिंतीतून उपटून येते. पक्का दांडा बसवा, तोही चांगल्या हाताच्या बाजूला. प्लंबरने भोक पाडण्याआधी पेशंटला कमोडवर बसवून हात कुठे पोचतो तिथे पेन्सिलने खूण करून घ्या.