प्रीबायोटिक पावडर सुरू करण्यापूर्वी तिची सुरक्षितता कशी पडताळावी

सांगली, मिरज किंवा साताऱ्यातील औषधांच्या दुकानात प्रीबायोटिक पावडरीचा डबा आज डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. चिठ्ठी लागत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही, असे अनेकजण गृहीत धरतात. आणि दोन दिवस पोट फुगले किंवा जुलाब झाले, की पावडर वाईट होती असे म्हणून तीच माणसे डबा टाकून देतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. इन्युलिनसारखे (कांदा-लसणातही असणारा, न पचणारा तंतू) घटक आपण अन्नातून पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत आणि निरोगी प्रौढांना ते मर्यादित प्रमाणात सहसा बाधत नाहीत. तरीही डब्यात नेमके काय आहे, ते कोण घेणार आहे, किती घेणार आहे आणि सोबत कोणती औषधे व कोणता आहार चालू आहे, या चार गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय त्या डब्याला सुरक्षित म्हणता येत नाही. ही पडताळणी घरी, वही-पेन घेऊन कशी करावी, ते येथे सांगत आहे. हे मार्गदर्शन प्रौढांपुरते आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा.

आधी वस्तू ओळखावी

प्रीबायोटिक ही संकल्पना १९९५ मध्ये मांडली गेली आणि २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तिची व्याख्या अधिक काटेकोर केली. शरीरातील उपयुक्त सूक्ष्मजीव जो पदार्थ निवडून वापरतात आणि ज्यामुळे माणसाच्या आरोग्याला लाभ होतो, तो प्रीबायोटिक, असा तिचा आशय आहे. म्हणजे यात जिवंत जिवाणू नसतात, त्यांचे खाद्य असते. जिवंत जिवाणू असलेले ते प्रोबायोटिक आणि दोन्ही एकत्र असलेले ते सिनबायोटिक. हा फरक सुरक्षिततेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, कारण केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला जिवंत जिवाणूंपासून क्वचित पण गंभीर संसर्ग होऊ शकतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रीबायोटिक’ लिहिलेले असले तरी घटकांच्या यादीत लॅक्टोबॅसिलस किंवा बायफिडोबॅक्टेरियम अशी नावे दिसली, तर ते मिश्रण आहे असे समजावे.

घरोघरी वापरले जाणारे इसबगोल हे तंतुमय पूरक आहे. परंतु मोठ्या आतड्यात ते फारसे आंबत नाही आणि मुख्यतः पाणी धरून मळ मऊ करते. त्यामुळे इसबगोल सोसले म्हणून इन्युलिनही सोसेल, असा अंदाज बांधू नये.

इन्युलिन, फ्रुक्टो-ओलिगोसॅकराइड आणि गॅलेक्टो-ओलिगोसॅकराइड हे घटक लहान आतड्यात पचत नाहीत. ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेथील जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. त्याच प्रक्रियेत हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांमध्ये मिथेन हे वायूही निर्माण होतात. म्हणून थोडा वायू होणे हा या पदार्थाच्या कार्याचाच भाग आहे. या घटकांच्या रेणूंची साखळी जितकी आखूड, तितके आंबणे जलद. त्यामुळे फ्रुक्टो-ओलिगोसॅकराइडने लांब साखळीच्या इन्युलिनपेक्षा लवकर आणि ठळकपणे पोट फुगू शकते. मात्रा फार वाढली, तर न पचलेले कण आतड्यात पाणी ओढून घेतात आणि जुलाब होतात.

ताटात आधीच किती आहे

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते निम्म्या तक्रारींचे मूळ येथेच आहे. आपल्या भागातले रोजचे जेवण प्रीबायोटिक घटकांनी रिकामे नाही. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान, म्हणजे इन्युलिनच्याच कुळातले तंतू, असतात; मटकी, हरभरा, तूर, चवळी यांत रॅफिनोज व स्टॅकिओज या न पचणाऱ्या शर्करा असतात; कच्च्या केळ्यात आणि शिजवून गार झालेल्या भातात प्रतिरोधी, म्हणजे लहान आतड्यात न पचणारा, स्टार्च असतो. दुपारी मटकीची उसळ, तोंडी लावायला कच्चा कांदा आणि लसणाचा ठेचा घेणाऱ्या माणसाने त्यावर दहा ग्रॅम पावडर घेतली, तर त्याच्या आतड्यावर पडणारा भार डब्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बराच जास्त असतो. उलट, दिवसभर चहा-बिस्किटांवर राहणाऱ्या आणि कडधान्यांची सवय सुटलेल्या माणसाच्या आतड्याला अल्प मात्राही प्रारंभी जड जाते. म्हणून आधी आपला नेहमीचा आठवडा लिहून काढावा. हे करताना अनेकांच्या लक्षात येते की पावडरीपेक्षा उसळीचे प्रमाण सावकाश वाढवणे पुरेसे आहे, आणि तसे वाटल्यास तेच करावे.

डब्यावरील मजकूर वाचताना

भारतात अशा उत्पादनांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखालील आरोग्यपूरकांविषयीचे २०१६ चे विनियम लागू होतात. डब्यावर चौदा अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख, रोजची शिफारस केलेली मात्रा, ती ओलांडू नये अशी सूचना आणि हे औषधी वापरासाठी नाही असे विधान असायला हवे. परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) फॉसकॉस या परवान्यांच्या संकेतस्थळावर टाकून कंपनीचे नाव जुळते का, ते पाहावे. मात्र परवाना व्यवसायाला मिळालेला असतो. तुमच्या हातातील बॅच प्रयोगशाळेत तपासली गेली होती, असा त्याचा अर्थ होत नाही.

त्यासाठी कंपनीला लिहून त्याच बॅचचा तपासणी अहवाल मागावा. प्रामाणिक उत्पादकाला तो देण्यात अडचण नसते. अहवाल एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आहे का, त्यावरील बॅच क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, शिसे, आर्सेनिक, कॅडमियम व पारा या जड धातूंची तपासणी झाली आहे का, आणि साल्मोनेला व ई. कोलाय या जिवाणूंविषयी काय म्हटले आहे, हे पाहावे. वनस्पतीच्या मुळांपासून किंवा बियांपासून बनवलेल्या पावडरीत जमिनीतले धातू येण्याची शक्यता असते, म्हणून धातूंच्या तपासणीचा आग्रह अनाठायी नाही.

घटकांच्या यादीत इतर काय मिसळले आहे, तेही बारकाईने पाहावे. माल्टोडेक्स्ट्रिन हे साध्या, पचणाऱ्या प्रकारात भरीचे द्रव्य म्हणून घातले जाते, ते प्रीबायोटिक नसते आणि रक्तातील साखर वाढवते. मधुमेहींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. सॉर्बिटॉल, झायलिटॉल यांसारखे गोडवा देणारे पदार्थ स्वतःच वायू आणि जुलाब करतात, त्यामुळे त्रास कशाचा झाला हे नंतर कळत नाही. गॅलेक्टो-ओलिगोसॅकराइड दुधातील लॅक्टोजपासून बनवतात व त्यात थोडे लॅक्टोज शिल्लक राहू शकते. दूध न सोसणाऱ्यांनी आणि दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पहिल्या चाचणीसाठी एकच घटक असलेली, चव व रंग न घातलेली पावडर निवडणे सर्वांत सोयीचे असते.

‘वैद्यकीय चाचणीत सिद्ध’ असे लिहिले असल्यास ती चाचणी कोणती, हे विचारावे. भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंद २००७ पासून सुरू असलेल्या ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये कोणालाही पाहता येते. चाचणीतील मात्रा आणि डब्यावरील मात्रा एकच आहे का, सहभागी लोक निरोगी होते की रुग्ण, आणि किती आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवले होते, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. चार आठवड्यांच्या चाचणीवरून दोन वर्षांच्या सेवनाबद्दल काही ठरवता येत नाही.

कोणी स्वतःहून सुरू करू नये

शौचातून रक्त जाणे, मळ काळा होणे, विनाकारण वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, किंवा पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल यांपैकी काहीही असेल, तर पावडरीचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी. मिरजेला वैद्यकीय सेवेची जुनी परंपरा आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो किंवा आपल्या गावाजवळचा पोटविकारतज्ज्ञ, हा सल्ला टाळू नये. आतड्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, आतडे अरुंद झालेल्यांनी, आतड्याच्या दाहाचा आजार भडकलेल्यांनी आणि गिळताना अडचण होणाऱ्यांनीही स्वतःहून प्रयोग करू नये. संवेदनशील आतड्याचा त्रास, म्हणजे आयबीएस असणाऱ्यांना फ्रुक्टानमुळे दुखणे वाढू शकते, हे सुस्थापित आहे. फ्रुक्टोजची आनुवंशिक असहिष्णुता दुर्मीळ असली, तरी ती असणाऱ्यांनी इन्युलिन व फ्रुक्टो-ओलिगोसॅकराइड टाळलेच पाहिजे.

चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला एकदा दाखवावी. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी तंतुमय पूरक तिच्यासोबत घेऊ नये; सहसा चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. ग्वार डिंकासारखे घट्ट होणारे तंतू इतरही काही औषधांचे शोषण लांबवू शकतात, आणि ते भरपूर पाण्याशिवाय घेऊ नयेत.

सुरुवात केव्हा आणि कितीने

सुरुवातीसाठी साधे, एकसुरी दिवस निवडावेत. नवरात्राचे उपवास, लग्नसराई, वारी किंवा प्रवास यांत आहार बदलतो. साबुदाणा, शेंगदाणे आणि रताळ्यांच्या दिवसांत पोटात काय झाले याचा दोष पावडरीला देता येत नाही. कृष्णा-वारणेच्या काठी पावसाळ्यात आणखी एक अडचण असते. २०१९ आणि २०२१ सारख्या पुरांनंतर, किंवा साध्या गढूळ पाण्याच्या दिवसांतही, जुलाब पाण्यामुळे झाले की पूरकामुळे, हे ओळखणे कठीण जाते. शक्य असल्यास हिवाळ्यात सुरू करावे.

पहिला आठवडा काहीही न घेता फक्त नोंदी कराव्यात. त्यानंतर रोज दोन ते अडीच ग्रॅम, एकाच वेळी, जेवणासोबत घ्यावे. घरातल्या चमच्याचा भरवसा धरू नये. डब्यातील माप किंवा स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा वापरावा. आठवडाभर त्रास झाला नाही, तर मात्रा पाच ग्रॅमपर्यंत न्यावी आणि तेथे पुन्हा किमान आठवडाभर थांबावे. अनेक प्रौढ दहा ग्रॅमपर्यंत सहन करतात, पण वीस ग्रॅमच्या आसपास किंवा त्यापुढे जुलाब व मुरडा यांचे प्रमाण वाढते. डब्यावरील मर्यादा कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये. या काळात नवे औषध, नवा काढा किंवा दुसरे पूरक सुरू करू नये.

वहीत रोज घेतलेली मात्रा व वेळ, मुख्य जेवण, शौचाची संख्या आणि स्वरूप, पोटफुगी, आणि दुखण्याची तीव्रता शून्य ते दहा अशी लिहावी. शौचाच्या स्वरूपासाठी सात प्रकारांचा ब्रिस्टल तक्ता उपयोगी आहे; त्यात पहिला प्रकार कडक खड्यांसारखा आणि सातवा पूर्ण पातळ. त्रास झाल्याची वेळ लिहिणे फार महत्त्वाचे आहे, कारण आंबण्याची क्रिया मोठ्या आतड्यात होते आणि तिचा परिणाम सहसा काही तासांनी जाणवतो. मधुमेहींनी ग्लुकोमीटरच्या नोंदी त्याच पानावर ठेवाव्यात. निरोगी माणसाला यासाठी वेगळ्या रक्ततपासण्यांची गरज नसते, आणि हजारो रुपयांची मळातील जिवाणूंची चाचणी ही पावडर तुम्हाला चालेल की नाही, हे सांगू शकत नाही.

सौम्य वायू आणि गुडगुड पहिल्या काही दिवसांत होऊन हळूहळू कमी झाली, तर तीच मात्रा चालू ठेवावी. ती कमी होत नसेल, तर निम्म्यावर यावे. निम्म्यावरही त्रास राहिला, तर पूर्ण थांबवून आठवडाभर नोंदी चालू ठेवाव्यात. थांबवल्यावर त्रास गेला आणि अल्प मात्रेने पुन्हा सुरू केल्यावर परत आला, तर कारण जवळजवळ निश्चित झाले. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे किंवा चक्कर येणे अशी लक्षणे दिसली, तर मात्र पुन्हा घेऊन पाहण्याचा प्रयोग कधीही करू नये. इन्युलिनची तीव्र ॲलर्जी दुर्मीळ आहे, पण वैद्यकीय साहित्यात तिची नोंद आहे. अशा वेळी तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, शौच व वायू दोन्ही बंद होणे किंवा शौचातून रक्त दिसणे, या वेळीही पावडर थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डबा, पावती आणि तक्रार

ही पावडर हवेतील ओल ओढून घेते, म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा आणि कोरडा चमचा वापरावा. गुठळ्या, वेगळा वास किंवा रंग दिसल्यास ती वापरू नये. पावती आणि मूळ डबा संपेपर्यंत जपून ठेवावा. उत्पादनातच दोष असल्याचा संशय आला, तर उरलेली पावडर दुसऱ्या बरणीत काढू नये. सांगली आणि सातारा येथील अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्त कार्यालयात बॅच क्रमांक, पावती आणि आपल्या वहीतील नोंदींसह लेखी तक्रार देता येते. शिवाय २००६ च्या कायद्यातील कलम ४० नुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, आणि नमुना कायद्याच्या निकषांत बसत नसल्याचे अहवालात निघाले, तर भरलेले शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे.