स्पोक व्हील कस्टम करून घेताय? मग या चुका टाळा

मोटरसायकल क्लासिक असो, बुलेट असो, हिमालयन नाहीतर एक्सपल्स, काळे ॲल्युमिनियमचे रिम (टायर बसतो ती बाहेरची कडी) आणि स्टेनलेसचे स्पोक (तारा) टाकून घ्यायचं खूळ सध्या जोरात आहे. त्यात वाईट काही नाही, दिसतं भारी आणि खड्ड्यात आदळल्यावर ओतीव अलॉय चाकासारखं तडकतही नाही. गडबड एवढीच की लोक सगळं बजेट रिमवर उडवतात आणि मग स्पोक भरायला, आउट (चाकाचा वाकडेपणा) काढायला जो कोणी स्वस्तात तयार होईल त्याच्याकडे चाक टाकून मोकळे होतात. माझं म्हणणं, रिम थोडा साधा चालेल पण बांधणारा हात चांगला बघा, आधी कारागीर ठरवा आणि मग त्यालाच विचारून माल घ्या.

होल मोजून रिम घेणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हब (चाकाचा मधला भाग) ३६ होलचा, रिम ३६ होलचा, म्हणजे बसणारच असं वाटतं ना? बसतो पण, आणि तिथेच फसायला होतं. रिमवर निपलसाठी (स्पोकचं टोक रिमला आवळणारा छोटा नट) जे खळगे असतात ते सरळ पाडलेले नसतात, प्रत्येक होल हबच्या फ्लँजकडे (स्पोक अडकतात ती कड) तोंड करून तिरका असतो, आणि तो अँगल हब केवढा आहे त्यावर ठरतो. मोठ्या ड्रम हबसाठी ड्रिल केलेला रिम छोट्या डिस्क हबवर बांधला तर निपल एका दिशेला बघतो आणि स्पोक दुसऱ्या, मग स्पोक निपलच्या तोंडाशी हलकासा वाकतो. दिसायला काही दिसत नाही, पण तो वाक रोज ताण खातो आणि एक दिवस स्पोक बरोबर आट्यांपाशी तुटतो. सारखे तिथेच तुटत असतील तर स्पोकच्या क्वालिटीला शिव्या देण्याआधी निपलमधून स्पोक सरळ बाहेर पडतोय का ते बाजूने डोळा लावून बघा.

रिमवर कोरलेला आकडाही वाचा. २.१५ × १९ असं काही लिहिलेलं असतं, पहिला आकडा रुंदी, दुसरा डायमीटर, दोन्ही इंचात. जुन्या मालावर डब्ल्यूएम २, डब्ल्यूएम ३ असं असतं, ते अनुक्रमे १.८५ आणि २.१५. बारीक रिमवर जाडजूड टायर चढवला की टायर दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, मधोमध फुगतो, आणि वळणावर गाडी विचित्र झुकते. वर तो स्विंगआर्मला (मागचं चाक धरणारा दांडा) नाहीतर चेनला घासायला लागतो ते वेगळंच.

मापं न घेता जुनं चाक उसवणे

जुने स्पोक ग्राइंडरने कापायच्या आधी ऑफसेट, म्हणजे रिम हबच्या मानाने किती सरकलेला आहे ते, मोजलाच पाहिजे. हबच्या तोंडावर, म्हणजे डिस्क बसते तिथे, सरळ पट्टी आडवी धरायची आणि पट्टीपासून रिमच्या कडेपर्यंत किती मिलीमीटर भरतं ते लिहून ठेवायचं, मोबाईलवर फोटो पण काढा. रिम नेहमी हबच्या बरोबर मध्यावर असतो असं नाही, एका बाजूला डिस्क, दुसऱ्या बाजूला चेनचं स्प्रॉकेट, त्या हिशोबाने तो सरकवलेला असतो. हे माप गेलं की चाक गोल फिरतं, आउट शून्य, तरी गाडी एका बाजूला ओढते आणि मालक बिचारा हँडलखालचा कोनसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) बदलत बसतो.

स्पोकची लांबी पण तशीच. डिस्कच्या बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे वेगळे असू शकतात, फ्लँजच्या आतून येणारा आणि बाहेरून येणारा यांच्या मानेचा वाकही बऱ्याचदा वेगळा असतो, त्यामुळे सगळे एकाच गठ्ठ्यात टाकू नका. लांब पडला तर निपलच्या वर टोक येतं आणि ट्यूबला भोक पाडतं, ते घासून लेव्हल करावंच लागतं आणि वर रिम टेप नीट बसवावी लागते. आखूड पडला तर चारदोन आट्यांवरच सगळा भार, त्याला काही इलाज नाही, बदलाच. आणि स्टेनलेस स्पोकवर स्टेनलेस निपल कोरडे घातले तर आटे एकमेकांत जाम होतात, अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून घ्या किंवा सरळ पितळी निपल वापरा.

पावडर कोटिंगवाल्याला काही न सांगता हब देणे हा अजून एक घोळ. तो बिचारा सगळीकडे मारून देतो, बेअरिंगच्या जागेत पण, निपलच्या होलमध्ये पण. मग बेअरिंग ठोकून बसवायला लागतं, आणि रिममधला कोटचा थर निपलखाली दबत दबत गेला की महिन्याभरात सगळे स्पोक ढिले. बेअरिंगची सीट, डिस्कचा फेस, निपलची होलं मास्क करायला सांगा.

ट्यूबलेसचा जुगाड

साध्या स्पोक रिमला आतून सिलिकॉन किंवा टेप मारून ट्यूबलेस करणारे खूप आहेत. हवा धरते की नाही हा प्रश्नच नाही, धरते बऱ्याचदा. प्रश्न हा की ट्यूबच्या साध्या रिमला आतून तो उंचवटा नसतो जो हवा गेल्यावर टायरची कड जागेवर धरून ठेवतो. हवा कमी झाली की कड मधल्या खाचेत घसरते, आणि हे ८० च्या स्पीडला पुढच्या चाकात झालं तर विचार करा. शिवाय एक निपल फिरवलं की सील फुटलं. खरं ट्यूबलेस स्पोक हवं असेल तर स्पोक रिमच्या कडेला बसणारं डिझाइन बघा, बीएमडब्ल्यूने ते १९८७ मध्ये आर १०० जीएसला दिलं होतं, आता हिमालयन ४५० ला पण ट्यूबलेस स्पोकचा ऑप्शन आहे.

एबीएसवाल्या (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) गाडीत हब बदलताय तर टोन रिंग (सेन्सर जिचे दात वाचतो ती चकती) तीच, तेवढ्याच दातांची आणि सेन्सरपासून तेवढ्याच अंतरावर हवी. चाकाचा साइज बदलताय तर एबीएसचा हिशोब बिघडू शकतो आणि आरसी, इन्शुरन्सचाही, ते आधी विचारून घ्या.

चाक लावलं आणि विसरलं

नवीन बांधलेलं चाक सुरुवातीला बसतंच, म्हणून पहिल्या ३००-५०० किलोमीटरनंतर एकदा चेक करा. गाडी मेन स्टँडवर, चाक हळूहळू फिरवायचं आणि स्क्रूड्रायव्हरने एकेक स्पोक वाजवायचा. ताणलेला टिंग करतो, ढिला थप. बाजूचे दोन टिंग आणि मधला थप, तर तोच गुन्हेगार. पण त्याला एकट्याला आवळत सुटू नका, एका वेळी पाव फेरा, मग चाक फिरवून परत बघा. आणि दिशा, निपल टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे घट्ट होतो, म्हणजे हबकडून बघून पाना लावला तर उलटा. इथे भलेभले चुकतात आणि आवळायच्या नादात ढिलं करून ठेवतात.

आउट बघायला दुकानात जायची गरज नाही. स्विंगआर्मला एक झिपटाय बांधा, टोक रिमच्या अगदी जवळ येईल एवढं कापा आणि चाक फिरवा. फट कमीजास्त होते ती बघा, बहुतेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये २ मिलीमीटरपर्यंत चालतं, डावीउजवीकडे पण आणि वरखाली पण. त्याच्या आधी चाक दोन्ही हातांनी धरून हलवा, खडखड आली तर बेअरिंग गेलंय, तिथे स्पोक आवळून काही होणार नाही.

कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसात स्टीलचा क्रोम रिम बाहेरून चकचकीत आणि आतून, रिम टेपखाली, गंजलेला असतो, आणि त्या गंजाची खपली ट्यूब खाते. टायर बदलताना टेप काढून बघायला सांगा, गंज घासून काढा. वॉशिंगवाला ॲसिडवालं केमिकल मारत असेल तर त्याला थांबवा, ॲल्युमिनियमवरचे पांढरे डाग मग जात नाहीत. निपलला ऑइल मारायचं तर ब्रशने थेंब थेंब लावा, स्प्रे मारला की तो डिस्कवर उडणार आणि पहिला ब्रेक लागणारच नाही.

घाटात कुठे स्पोक तुटलाच तर लोंबकळणारा तुकडा शेजारच्या स्पोकला झिपटायने किंवा टेपने गच्च बांधा, नाहीतर तो ब्रेकच्या कॅलिपरमध्ये अडकतो. एक तुटला तर हळू हळू, मागे बसलेल्याला उतरवून, जवळच्या गावापर्यंत जाता येतं. शेजारशेजारचे दोन गेले तर गाडी चालवू नका, टेम्पो बोलवा.