गोमंतकीय जेवणातील मीठ कसे कमी करावे

रक्तदाब १४०/९० च्या जवळ येत असेल, किंवा आईवडिलांपैकी कोणाला उच्च रक्तदाब असेल, तर मिठाकडे आजच लक्ष द्यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. त्यात भाजी-आमटीबरोबरच पाव, लोणचे, फरसाण आणि खाऱ्या मासळीतले मीठही धरलेले आहे.

सुरुवात मोजण्यापासून करावी. मिठाची १ किलोची नवी पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहावी. चार प्रौढांच्या घरात रोज २० ग्रॅम धरले, तर ती ५० दिवस पुरायला हवी. लोणच्यासाठी काढलेले मीठ वगळूनही ती लवकर संपली, तर बाहेरचे खाणे न मोजताच मर्यादा ओलांडली गेली आहे, असे समजावे.

त्यानंतर पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिन्नसांच्या, डब्यांकडे वळावे, कारण आपल्याकडे खरा साठा तिथे असतो. खारे मासे कायमचे सोडा, हा सल्ला पावसाळ्यात कोणाच्याही घरी टिकत नाही, आणि माझ्या मते तो देण्याची गरजही नाही. खारा बांगडा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावा, पाणी एकदोनदा बदलावे आणि मगच तो शिजवावा. त्यातले बरेच मीठ पाण्याबरोबर निघून जाते. पेजेबरोबर बांगडा घेतला, तर त्या जेवणात मिठातली कैरी घेऊ नये आणि पेजेतही मीठ घालू नये. किसमूर करताना खोबरे, कांदा आणि सुकी सुंगटे (कोळंबी) कालवून आधी चाखावे. पुष्कळदा वरून मीठ लागतच नाही. सोलांनाही, म्हणजे आमसुलांनाही, वाळवताना मीठ लावलेले असते, म्हणून हुमणात (माशांच्या आमटीत) सोले आणि तिरफळे घालून उकळी आल्यावर चव पाहावी आणि मीठ शेवटी, नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे. अशी हळूहळू कपात केली, तर काही आठवड्यांत जिभेला सवय होते.

विकतच्या पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण कळते. १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे.

आगरातले जाडे मीठ किंवा सैंधव रक्तदाबाला चालते, ही समजूत मनातून काढावी, कारण त्यांतही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचे मीठ उपयोगी पडू शकते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना, तसेच शरीरात पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. मीठ कमी केल्यावर रक्तदाब उतरलेला दिसला, तरी चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नये.