गिम्प अपडेट करण्याआधी : डीटीपीवाल्यांसाठी तयारीची यादी

गिम्प म्हणजे फोटो-डिझाइनचा मोफत प्रोग्राम. लग्नसराईत किंवा गणपतीच्या तोंडावर तो अपडेट करायचं काम काढू नका. गिऱ्हाईक कमी असेल अशी एखादी दुपार निवडा. पण ‘चाललंय ना, मग कशाला हात लावायचा’ म्हणून वर्षभर टाळूही नका. फ्लेक्स-पत्रिकांच्या धंद्यात फायली बाहेरून येतात, पेनड्राइव्हवरून, व्हॉट्सॲपवरून, कुणाच्या तरी भाच्याने बनवलेल्या. आणि गिम्पमधल्या त्रुटी बऱ्याचदा नेमक्या फाइल वाचणाऱ्या भागातच सापडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या २.१०.३६ मध्ये अशा चार त्रुटी दुरुस्त झाल्या. डीडीएस (गेममधल्या चित्रांच्या), पीएसडी (फोटोशॉपच्या) आणि पीएसपी (पेंटशॉप प्रोच्या) फायली वाचताना त्या उद्भवत. मुद्दाम बिघडवलेली फाइल नुसती उघडली तरी हल्लेखोराचा कोड आपल्या मशीनवर चालण्याची शक्यता होती. डीडीएस आपल्याकडे कोण आणतंय म्हणा, पण पीएसडी रोज येते.

आधी ‘हेल्प’मध्ये ‘अबाउट’ उघडून आवृत्ती पाहा आणि गिम्प कुठून घेतलं होतं ते आठवा. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर आकडा २.१०.३४ दिसेल, घाबरू नका, डेबियन जुन्या आकड्यातच सुरक्षेची दुरुस्ती मागून जोडतं. तिथे सिस्टिमचं नेहमीचं अपडेट वेळेवर होतंय ना, एवढंच बघायचं. विंडोजवर मात्र गिम्प आपल्या लायब्ऱ्या (प्रोग्रामला लागणारे तयार कोडचे भाग) स्वतःबरोबर आणतं. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीत मोठी त्रुटी सापडली तेव्हा नुसता ब्राउझर अपडेट करून गिम्पमधली प्रत सुधारत नव्हती.

मग बॅकअप. चालू कामांच्या एक्ससीएफ (गिम्पच्या स्वतःच्या प्रकारच्या) फायली वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि सेटिंगचं फोल्डरही. ब्रश, पॅलेट, शॉर्टकट सगळं त्यात असतं. ते नेमकं कुठे आहे हे ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘फोल्डर्स’वरून कळतं. २.१० वरून थेट ३.० वर जाणार असाल तर प्लगइनची (गिम्पला वरून जोडलेल्या जादा सोयींची) यादी कागदावर लिहा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीवरचे प्लगइन चालत नाहीत, आणि नव्या सोयी वापरून सेव्ह केलेली एक्ससीएफ २.१० मध्ये नीट उघडेलच असं नाही. शेजारच्या दुकानाशी फायलींची देवाणघेवाण असेल तर त्यांनाही सांगून ठेवा.

इन्स्टॉलर घेताना गूगलवर शोधून पहिल्या दुव्यावर क्लिक करायची सवय मोडा. २०२२ मध्ये जाहिरातीत गिम्पचा खरा पत्ता दिसत होता, क्लिक केल्यावर मात्र पासवर्ड चोरणारा प्रोग्राम गळ्यात पडत होता. पत्ता हाताने टाइप करा : गिम्प डॉट ऑर्ग.

अपडेट झाल्यावर तपासायला एक जुनी पत्रिका हाताशी ठेवा, जिच्यात ‘ऱ्या’, ‘ज्ञ’, ‘श्री’ असलेले मजकुराचे लेअर आहेत. जोडाक्षरं जागेवर आहेत का पाहा, पीडीएफ काढा, एक प्रिंट मारा. रोजचं काम ॲडमिन खात्यावरून होत असेल तर त्याच दुपारी ऑपरेटरसाठी साधं खातं करून टाका. अपडेट आजच जमत नसेल, तर अनोळखी पीएसडी घेऊ नका, जेपीजी किंवा पीडीएफ मागा. धोका कमी होतो, जात नाही.

२.१० आणि ३.० या दोन्ही आवृत्त्या एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहू शकतात, म्हणजे जुनी आपोआप जाईलच असं नाही, त्यामुळे ती काढून टाका. निदान पीएसडीवर डबल-क्लिक केल्यावर कोणती उघडते, ते तपासल्याशिवाय दुकान बंद करू नका.